सॅम्पल मशीनमध्ये नाही, व्हायलच्या भिंतीवर हरवतं: ईएसआय-एमएससाठी पेप्टाइड सॅम्पल कसं हाताळायचं

"दादा, मशीनची सेन्सिटिव्हिटी गेलीये, सोर्स उघडून साफ करूया का?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी आधी उलट विचारतो, सॅम्पल कशात ठेवलं होतंस आणि किती वेळ? बहुतेक वेळा मशीन, म्हणजे मास स्पेक्ट्रोमीटर, ठणठणीत असतं. पेप्टाइड मशीनपर्यंत पोचलेलंच नसतं, ते ट्यूबला, व्हायलला (सॅम्पल ठेवायच्या छोट्या बाटलीला), सुईला, स्टीलच्या नळीला चिकटून बसलेलं असतं आणि आपण तिकडे कॅलिब्रेशनवर कॅलिब्रेशन करत बसतो.

हा लेख नॅनोमोलर पातळीवरच्या पेप्टाइड आणि छोट्या प्रोटीनवाल्यांसाठी आहे, एलसी (लिक्विड क्रोमॅटोग्राफी) लावून ईएसआय (इलेक्ट्रोस्प्रे, म्हणजे द्रावणाचा चार्ज असलेला फवारा करून आयन बनवणं) करत असाल किंवा सरळ नॅनोस्प्रे, म्हणजे त्याचाच अगदी बारीक फवारा. तुमचं सॅम्पल १० मायक्रोमोलर असेल तर यातलं अर्धं सोडून दिलंत तरी चालेल. का ते हिशोबातच बघा.

१०० मायक्रोलिटर सॅम्पल छोट्या काचेच्या इन्सर्टमध्ये टाकलं की साधारण १ चौरस सेंटिमीटर भिंत ओली होते. प्रोटीनचा एक थर बसायला चौरस सेंटिमीटरला ढोबळमानाने १०० ते २०० नॅनोग्रॅम लागतं. आता तुमचं पेप्टाइड ३००० डाल्टनचं आणि १० नॅनोमोलर असेल तर त्या १०० मायक्रोलिटरमध्ये एकूण माल किती? १ पिकोमोल, म्हणजे ३ नॅनोग्रॅम. भिंतीवर जागा शंभराची आणि माल तीनाचा. तेच १० मायक्रोमोलर असतं तर माल ३००० नॅनोग्रॅम, भिंतीने पोटभर खाल्लं तरी पत्ता लागत नाही. म्हणून ट्यूनिंगचं सोल्यूशन झकास दिसतं आणि खरं सॅम्पल गायब.

## टप्पा १: आधी चोर कुठे आहे ते शोधा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण हा टप्पा कोणी करतच नाही. सरळ व्हायल बदलतात, कॉलम बदलतात, मग सोर्स उघडतात, आणि तीन गोष्टी एकदम बदलल्यावर नेमकं कशाने बरं झालं ते कधीच कळत नाही.

आधी एकाच व्हायलमधून सात-आठ इंजेक्शन मारा, तासाभराच्या अंतराने, आणि एरिया, म्हणजे पीकखालचं क्षेत्रफळ, कुठल्या दिशेने सरकतोय ते बघा. ही दिशाच सगळं सांगते.

एरिया कमी कमी होत असेल तर माल व्हायलमध्ये जातोय, वेळ जाईल तसं भिंत खातेय. एरिया वाढत वाढत जाऊन मग स्थिर होत असेल तर व्हायल बिचारी निर्दोष आहे, सिस्टीममधल्या चिकट जागा पहिल्या काही इंजेक्शननी भरतायत आणि त्या भरल्यावर बाकीचं पेप्टाइड पुढे जातंय. पहिल्या दोन-तीन इंजेक्शनचा डेटा "मशीन वॉर्मअप होत होतं" म्हणून टाकून देणारे बरेच असतात, तर तो वॉर्मअप बऱ्याचदा हाच असतो.

व्हायलवर संशय आला की दोन चाचण्या करा.

*बदली चाचणी.* तेच सोल्यूशन एका ट्यूबमधून दुसरीत, दुसरीतून तिसरीत असं पाच ट्यूबांतून फिरवा, प्रत्येकीत १० मिनिटं थांबा, प्रत्येक पायरीला थोडं बाजूला काढून ते लगेच चालवा. पायरीगणिक एरिया उतरला तर चिकटतंय, यात वाद नाही.

*धुऊन बघायची चाचणी.* व्हायल पूर्ण रिकामी करा, त्यात तेवढंच ५० टक्के ॲसिटोनायट्राइल आणि १ टक्का फॉर्मिक ॲसिड टाका, हलवा, इंजेक्ट करा. पीक परत आला तर माल भिंतीवरच होता. आला नाही तर मात्र दोन शक्यता: तो इतका घट्ट बसलाय की या मिश्रणानेही सुटत नाही, किंवा पेप्टाइड तुटलं-ऑक्सिडाइज झालं. म्हणून १६ डाल्टन वरती पीक उगवलाय का तेही बघून घ्या, मेथिओनिन असेल तर हमखास.

जोडीला एक चिकट आणि एक सरळ पेप्टाइड कायम फ्रीजरमध्ये ठेवा. चिकटमध्ये मेलिटिन, मधमाशीच्या विषातलं, २६ अमिनो ॲसिडचं, एक टोक तेलकट आणि दुसऱ्या टोकाला लायसिन-आर्जिनिनची रांग, त्यामुळे ते प्लास्टिकलाही चिकटतं आणि काचेलाही. सरळमध्ये अँजिओटेन्सिन टू, दोन चार्जवर ५२३.८ एम/झेड (वस्तुमान भागिले चार्ज) ला येतं. दोन्ही एकत्र चालवा. दोन्ही पडले तर स्प्रे किंवा मशीन. फक्त मेलिटिन पडलं तर भिंत.

> तपासा: कॅलिब्रेशन लाईनचे वरचे पॉइंट सरळ रेषेत आणि खालचे दोन-तीन रेषेच्या खाली लोंबतायत? ते डिटेक्टरचं नाही, चिकटण्याचं लक्षण आहे. खालचे पॉइंट "आउटलायर" म्हणून उडवू नका.

## टप्पा २: भांडी निवडा

सगळ्यांना एकच उत्तर हवं असतं, काच की प्लास्टिक. तसं उत्तर नाहीये, तुमचं पेप्टाइड कसं आहे त्यावर आहे.

काचेच्या पृष्ठभागावर सिलॅनॉल (सिलिकॉनला लागलेले ओएच गट) असतात, पीएच थोडा वर गेला की ते निगेटिव्ह होतात आणि लायसिन-आर्जिनिनवाली पॉझिटिव्ह पेप्टाइडं पकडतात. पॉलिप्रॉपिलीनला चार्ज नाही पण ते तेलकट, म्हणून ल्युसिन-फिनाइलॲलनिनवाली किंवा फॅटी ॲसिडची शेपूट लावलेली पेप्टाइडं, लिराग्लुटाइड-सेमाग्लुटाइडच्या जातीतली, त्याला बिलगतात. बेसिक पेप्टाइड असेल तर साधी काच टाळा. तेलकट असेल तर लो-बाइंड प्लास्टिक घ्या आणि पुढच्या टप्प्यातलं ऑर्गॅनिक विसरू नका. दोन्ही असेल तर, मेलिटिनसारखं, लो-बाइंड आणि ऑर्गॅनिक आणि ॲसिड, तिन्ही लागतं.

"लो-बाइंड" लिहिलंय म्हणजे झिरो-बाइंड नव्हे हं. पाकिटावरचं नाव वाचून निश्चिंत होऊ नका, नवीन ब्रँड आला की टप्पा १ मधली बदली चाचणी त्याच्यावर एकदा करा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

भांड्यांच्या इतर चुका पटापट सांगतो. मोठ्या ट्यूबमध्ये थोडंसं सॅम्पल ठेवू नका, १.५ मिलिलिटरच्या ट्यूबमध्ये २० मायक्रोलिटर ठेवून व्हॉर्टेक्स केलं की ते सगळ्या भिंतीला सारवलं जातं. पॅराफिल्म ॲसिटोनायट्राइलच्या आसपास नको. आणि मोबाइल फेजच्या (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावकाच्या) बाटल्या साबणाने कधीच धुवायच्या नाहीत, कधीच म्हणजे कधीच. आमच्याकडे एकदा नवीन आलेल्या अटेंडंट मामांनी चांगल्या मनाने सगळ्या बाटल्या घासून चकचकीत केल्या, आणि पुढचे कितीतरी दिवस स्पेक्ट्रममध्ये ४४-४४ च्या अंतराने शिडी उभी होती, साबणातल्या पॉलिमरची. चूक त्यांची नव्हती, आम्हीच सांगितलं नव्हतं. आता सिंकवर पाटी आहे.

> सावधान: भिंत नुसतं घेत नाही, देतेही. ३९१.२८ दिसला तर प्लास्टिसायझर, ३३८.३४ म्हणजे पॉलिप्रॉपिलीनमधलं इरुकॅमाइड, ३७१.१० आणि ४४५.१२ म्हणजे सिलोक्सेन, आणि तुमच्या पीकच्या २२ वर मोठा जोडीदार उभा असेल तर सोडियम, बऱ्याचदा काचेतून आलेला. हे आकडे भिंतीवर चिकटवून ठेवा.

## टप्पा ३: द्रावक आणि ओतायचा क्रम

मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते याच्यावर, कारण बाकी सगळं बरोबर करून लोक इथे घसरतात, आणि प्रोटोकॉलमध्ये हे लिहिलेलं नसतं. प्रोटोकॉलमध्ये "अमुक घ्या, तमुक मिसळा" असतं, आधी काय आणि नंतर काय ते नसतं.

नियम एकच: रिकाम्या ट्यूबमध्ये आधी वाचवणारं टाका, मग पेप्टाइड. वाचवणारं म्हणजे ॲसिड, ऑर्गॅनिक (ॲसिटोनायट्राइलसारखा द्रावक), मॅट्रिक्स (प्लाझ्मासारखा प्रोटीनवाला द्रव), जे तुम्ही वापरताय ते. पाण्यातलं पातळ पेप्टाइड कोरड्या भिंतीला आधी लागलं आणि मग तुम्ही वरून ॲसिटोनायट्राइल ओतलंत तर चिकटलेलं सगळं सुटून परत येईलच असं नाही. दोन्ही ट्यूबमध्ये शेवटी तेच मिश्रण असतं, लेबल तेच, वहीत नोंदही तीच, पण एकीत पीक असतो आणि दुसरीत नसतो. विश्वास बसत नसेल तर आजच मेलिटिन घेऊन ५ नॅनोमोलरला दोन्ही क्रमांनी करून बघा.

क्रम असा:

१. ट्यूबमध्ये पाणी आणि फॉर्मिक ॲसिड, शेवटी ०.१ टक्के उरेल इतकं. पीएच २.७ च्या आसपास येतो, काचेचे सिलॅनॉल बरेचसे गप्प बसतात.

२. मग ॲसिटोनायट्राइल. रिव्हर्स्ड फेज कॉलमवर जाणार असेल तर ५ ते २० टक्क्यांत राहा. हावरटपणा करून ५० टक्के केलंत तर व्हायलमध्ये पेप्टाइड सुखरूप राहील पण कॉलमवर थांबणारच नाही, लवकर येणारे पीक फाटतील किंवा सरळ व्हॉइडमध्ये, म्हणजे कॉलमवर न थांबता सुरुवातीलाच बाहेर पडणाऱ्या द्रवात, वाहून जातील. मग लोक म्हणतात ऑर्गॅनिक टाकल्यावर उलट कमी झालं. झालंच कमी, पण ते चिकटून नव्हे.

३. आता लेबल केलेलं इंटर्नल स्टँडर्ड, म्हणजे जड आयसोटोप घातलेलं तेच पेप्टाइड, तुलनेसाठी ठरावीक मात्रेत.

४. सगळ्यात शेवटी सॅम्पल, टिप द्रावणात बुडवून, भिंतीवर थेंब न सोडता. त्याच टिपने दोन-तीनदा वरखाली करा.

इंटर्नल स्टँडर्डबद्दल एक गैरसमज कायम ऐकतो, "लेबल्ड आहे ना, मग लॉस झाला तरी भरून निघतो". भरून निघतो, पण फक्त ते टाकल्यानंतर झालेला लॉस. चिकटणं आधीच होऊन गेलं असेल आणि तुम्ही स्टँडर्ड शेवटी टाकलंत तर रेशो चुकणारच, आणि तो अगदी सुंदर रिपीट होत चुकेल, म्हणून कोणाला शंकाही येणार नाही.

प्लाझ्मामध्ये अल्ब्युमिन वगैरे इतकं असतं की भिंती आधीच भरलेल्या असतात, तिथे त्रास कमी. लघवी आणि सीएसएफ (मेंदू-मज्जारज्जूभोवतीचा द्रव), जिथे प्रोटीन नगण्य, तिथे खरी गंमत. तिथे चिकटणं लॅबमध्ये नाही तर सॅम्पल गोळा केलेल्या डबीतच सुरू होतं, म्हणून वाचवणारं डबीत आधीच टाकून ठेवावं लागतं. क्लिनिकमधून येणाऱ्या डब्यांमधलं थोडंसं काढून बाकी फ्रीजरमध्ये ठेवलंत तर त्या थोडक्या भागात पेप्टाइड किती आलं आणि डबीला किती राहिलं हे देव जाणे.

डिटर्जंट वापरायचा का? ट्वीन, ट्रायटॉन नको, पॉलिमरची शिडी दिसते आणि कॉलमवरून लवकर जात नाही. त्यातल्या त्यात डोडेसिल माल्टोसाइड चालतं, ०.०१ टक्क्याच्या आसपास, ते एकाच वस्तुमानाचं आहे, सोडियमसह ५३३.३ ला दिसतं आणि ग्रेडियंटमध्ये (ऑर्गॅनिक हळूहळू वाढवत नेणाऱ्या रनमध्ये) उशिरा, बहुतेक पेप्टाइडं येऊन गेल्यावर निघतं. थेट इन्फ्युजन, म्हणजे कॉलमशिवाय सॅम्पल सरळ मशीनमध्ये, करत असाल तर तेही नको. कारण एक भिंत अजून राहिलीये, थेंबाची. ईएसआयच्या थेंबात जे पृष्ठभागावर येतं ते आधी आयन होतं, आणि डिटर्जंटचा स्वभावच पृष्ठभागावर पथारी पसरायचा. तुमचं पेप्टाइड मध्ये अडकून राहतं. तेलकट पेप्टाइडचा सिग्नल पाणचट पेप्टाइडपेक्षा चांगला येतो तोही याच कारणाने, म्हणजे जे व्हायलमध्ये जास्त छळतं तेच स्प्रेमध्ये जास्त चमकतं. त्यामुळे दोन वेगळ्या पेप्टाइडच्या उंचीवरून कोण जास्त आहे ते ठरवू नका.

> तपासा: दोन्ही क्रमांनी केलेल्या ट्यूबांचे एरिया ५-१० टक्क्यांत जुळले तर तुमचं पेप्टाइड सोसणारं आहे, पुढचे टप्पे निवांत करा.

## टप्पा ४: डायल्यूशन, सुकवणं, फिल्टर

सीरियल डायल्यूशन म्हणजे दर पायरीला नवी कोरी भिंत. सहा पायऱ्या म्हणजे सहा वेळा टोल भरला. पायऱ्या कमी करा, एकेक उडी मोठी ठेवा, प्रत्येक ट्यूबमध्ये टप्पा ३ चं मिश्रण आधी भरून ठेवा आणि स्टॉक नेहमी जड ठेवा, १०० मायक्रोमोलरच्या वर असेल तर उत्तम. वर्किंग सोल्यूशन रोज ताजं. "परवाचं १० नॅनोमोलर फ्रीजमध्ये आहे, तेच घेतो" असं म्हणणाऱ्याला मी चहा पाजतो आणि ते ओतून देतो.

व्हॅक्यूममध्ये सुकवताना पूर्ण कोरडं करू नका. ५-१० मायक्रोलिटर शिल्लक असताना थांबवा. रात्रभर लावून घरी गेलात तर सकाळी ट्यूबच्या तळाला पेप्टाइड भाजलेल्या पापडासारखं चिकटलेलं असतं. कोरडं झालंच तर आधी थोड्या जास्त ऑर्गॅनिक-ॲसिडमध्ये विरघळवा, भिंत पण ओली करा, १० मिनिटं थांबा, मग पाण्याने पातळ करा.

सिरिंज फिल्टर शक्यतो टाळा, नायलॉन तर नकोच. सेंट्रिफ्यूज करून वरचं घेतलं तरी भागतं. लागलाच तर रिजनरेटेड सेल्युलोज, आणि पहिला भाग टाकून द्या.

## टप्पा ५: सुई, नळ्या आणि स्टील

इथे रोग वेगळा आहे. फॉस्फोपेप्टाइड, एटीपीसारखे न्यूक्लिओटाइड, ऑलिगो (डीएनए-आरएनएचे छोटे तुकडे), आणि आम्लाचे बरेच गट असलेले पेप्टाइड, हे स्टीलवरच्या लोखंडाला धरतात. लक्षण म्हणजे लांब शेपटीचा पीक, किंवा पीकच नाही, आणि त्याच रनमध्ये साधी पेप्टाइडं मात्र सुरेख.

काय करायचं, सोप्यापासून अवघडाकडे:

१. त्याच जातीचं स्वस्त, जड सॅम्पल चार-पाच वेळा इंजेक्ट करून सिस्टीम "भरून" घ्या. तात्पुरता उपाय आहे, उद्या परत करावा लागेल.

२. मोबाइल फेजमध्ये धातू धरून ठेवणारं मेड्रॉनिक ॲसिड, ५ मायक्रोमोलर पातळीचं. ईडीटीए पण धातू धरतं पण सिग्नल दाबतं, ते सॅम्पलपेक्षा धुण्यासाठी बरं.

३. नळ्या पीकच्या (PEEK) किंवा आत पीकचं अस्तर असलेल्या. नाव तेच, पण हे प्लास्टिक बरं का, स्पेक्ट्रममधला पीक नव्हे. टेट्राहायड्रोफ्युरान आणि तीव्र ॲसिडं त्याच्यात सोडू नका.

४. कॉलमचं हार्डवेअरच बायो-इनर्ट घ्या. खर्चिक आहे, पण फॉस्फोवर कायम काम असेल तर पैसे वसूल.

> सावधान: स्टीलचं पॅसिव्हेशन नायट्रिक किंवा फॉस्फोरिक ॲसिडने करताना कॉलम आणि मास स्पेक दोन्ही काढून ठेवा, बाहेर पडणारं सगळं वेस्ट बाटलीत. आधी केलं नसेल तर सर्व्हिस इंजिनिअरला सोबत घ्या.

सुई धुवायला नुसतं मेथॅनॉल ठेवणारे बरेच आहेत. बेसिक पेप्टाइडला त्याने काही फरक पडत नाही. ॲसिटोनायट्राइल, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि पाणी समसमान, त्यात १ टक्का फॉर्मिक, हे मिश्रण बहुतेकांना चालतं. दुसरा वॉश पाण्याचा, नाहीतर सुईवरचं ऑर्गॅनिक पुढच्या व्हायलमध्ये जातं.

## टप्पा ६: कॅरीओव्हर कुठून येतोय

चिकटलेलं कधीतरी सुटतंच, आणि ते पुढच्याच्या खात्यात जमा होतं. ब्लँकमध्ये (पेप्टाइड नसलेल्या द्रावणात) पीक दिसला तर लगेच कॉलम बदलायला धावू नका, दोन रन मारा.

पहिला: इंजेक्शनच न करता नुसता ग्रेडियंट. पीक आला तर माल कॉलमवर किंवा त्याच्या पुढे आहे. दुसरा: ब्लँक व्हायलमधून नेहमीचं इंजेक्शन. पहिल्यात नाही आणि दुसऱ्यात आला तर सुई, सुईची सीट, लूप किंवा व्हॉल्व्हचा रोटर सील. सीलवर ओरखडे असतील तर कितीही धुवा, तो खाचेत साठवून ठेवतो.

रेग्युलेटेड काम असेल तर आयसीएच एम१० ची (औषध चाचण्यांतल्या मोजमापाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका) २०२२ ची मर्यादा माहिती असेलच, सगळ्यात वरच्या स्टँडर्डनंतरच्या ब्लँकमध्ये पेप्टाइडचा सिग्नल खात्रीने मोजता येणाऱ्या सगळ्यात खालच्या पातळीच्या सिग्नलच्या २० टक्क्यांच्या आत आणि इंटर्नल स्टँडर्ड ५ टक्क्यांच्या आत. संशोधनवाल्यांनीही हाच आकडा धरायला हरकत नाही.

ब्लँक ताज्या व्हायलमधून घ्या. चार दिवस तोच ब्लँक, सेप्टमला (झाकणातल्या रबरी चकतीला) वीस भोकं, आणि मग म्हणायचं ब्लँकमध्ये काहीतरी येतंय.

## टप्पा ७: स्प्रेची टोकं

नॅनोस्प्रेच्या काचेच्या टिपा म्हणजे बारीक नळी आणि आत भरपूर काच. सॅम्पल टिपमध्ये भरून मशीन तयार व्हायची वाट बघू नका, आधी मशीन तयार ठेवा, मग भरा. बेसिक प्रोटीन असेल तर टिप भरल्यावरचं पहिलं मिनिट आणि पाचवं मिनिट यांचे स्पेक्ट्रम एकदा तुलना करून बघा. आणि एका टिपमध्ये दुसरं सॅम्पल भरून पैसे वाचवू नका.

धातूचा एमिटर (फवारा सोडणारं टोक) असेल तर अजून एक गंमत. पॉझिटिव्ह मोडमध्ये तो ॲनोड असतो, त्याच्या पृष्ठभागावर खरंखुरं ऑक्सिडेशन चालू असतं. फ्लो खूप कमी आणि व्होल्टेज चढं ठेवलं की अधिक १६ चा पीक वाढतो आणि आपण सॅम्पल खराब झालं म्हणून रडतो. व्होल्टेज थोडं उतरवा, तोच व्हायल परत चालवा. १६ चा पीक व्होल्टेजबरोबर खाली आला तर ते ऑक्सिडेशन व्हायलमध्ये नाही, टोकावर होतंय.

सोर्स साफ करायचा तो आता, सगळ्यात शेवटी. हाय व्होल्टेज बंद, सोर्स गार झाल्यावर, पावडर नसलेले ग्लोव्ह घालून, मेथॅनॉल-पाणी अर्धं अर्धं, मग आयपीए, लिंट न सुटणाऱ्या वाइपने. लावल्यावर अर्धा तास नुसता मोबाइल फेज सोडा, मग ब्लँक, मग अँजिओटेन्सिन-मेलिटिनची जोडी, आणि त्यांचे एरिया तारीख टाकून वहीत लिहा, म्हणजे पुढच्या वेळी कोणी "दादा, सेन्सिटिव्हिटी गेलीये" म्हणत आलं की आधी ती वही उघडता येते.